सव्वासोळा वेढे

"काका, गणित सव्वासोळा वेढ्यांचं येतंय. सोळा मी घालतो, पण उरलेला पाव वेढा कसा घालायचा?" हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना नुकताच हातात पडलेल्या एका मुलाचा हा फोनवरचा प्रश्न. मी म्हटलं, "सोळा घाल आणि वेढे जरा जवळ सरकव, भागेल." "बरं," म्हणून त्यानं फोन ठेवला. उत्तर बरोबरच होतं. इतकी वर्षं मी हेच करत आलोय आणि मला हे काम ज्यांनी शिकवलं तेही हेच करायचे. पण त्या संध्याकाळी दुसरंच काहीतरी करत असताना तो पाव वेढा पुन्हा आठवला आणि मग डोक्यातून जाईना. जवळ सरकवल्यानं भागतं एवढंच मी त्याला सांगितलं होतं. का भागतं, आणि नाही सरकवलं तर नेमकं काय अडतं, हे सांगायचं राहून गेलं. टोरॉइड नावाच्या वस्तूचा, म्हणजे चुंबकीय पदार्थाच्या रिंगवर तार गुंडाळून केलेल्या कॉइलचा, बराचसा स्वभाव त्या एका प्रश्नात आला होता, आणि मी तो एका वाक्यात संपवला, याची रुखरुख लागली.

त्याचं गणित मी आधी कागदावर मांडून पाहिलं, कारण आकडे स्वतःच्या हातानं लिहिल्याशिवाय मला ते आपले वाटत नाहीत. तो ट्यूनर, म्हणजे अँटेना आणि रेडिओ यांचा मेळ घालणारी पेटी, बनवत होता. त्याच्या फीडरच्या, म्हणजे अँटेनाकडे जाणाऱ्या तारेच्या, टोकाला 7.1 मेगाहर्ट्झवर जवळजवळ निखळ 450 ओहम मिळत होते. रिगला, म्हणजे रेडिओ संचाला, हवेत 50. म्हणजे नऊपट. नवातून एक गेला, उरले आठ, आठाचं वर्गमूळ 2.83. सगळं एल-नेटवर्क, म्हणजे एक कॉइल आणि एक कपॅसिटर यांची जोडणी, या एका आकड्यावर उभं राहतं. त्यानं 50 ला गुणलं की कॉइलचा रिॲक्टन्स, म्हणजे उलटसुलट प्रवाहाला होणारा विरोध, 141 ओहम, त्यानं 450 ला भागलं की कपॅसिटरचा 159 ओहम. कॉइल रिगकडून अँटेनाकडे जाणाऱ्या वाटेवर, कपॅसिटर अँटेनाच्या अंगाला ग्राउंडकडे. 7.1 मेगाहर्ट्झला त्याचे होतात कॉइलला 3.17 मायक्रोहेन्री इंडक्टन्स आणि कपॅसिटरला 141 पिकोफॅरड. कपॅसिटर फिरता असतो, नॉब फिरवत गेलं की जागा सापडते. कॉइल मात्र मोजून घालावी लागते. त्याच्याकडे टी-200-2 ही रिंग होती. यातले 200 म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागात बाहेरचा व्यास, म्हणजे पुरते दोन इंच; शेवटचा 2 म्हणजे लोखंडाच्या पुडीचं लाल रंगाचं मिश्रण. या रिंगवर वेढ्यांच्या वर्गाला 12 नॅनोहेन्रींनी गुणायचं. 3170 भागिले 12 म्हणजे 264, आणि 264 चं वर्गमूळ 16.25. पोराचं गणित चोख होतं.

पाव वेढा खरोखरच उरत होता.

टोरॉइडमध्ये वेढा कशाला म्हणायचं हे एकदा नीट कळलं की उरलेल्या पाव वेढ्याची अडचणही कळते. तार भोकातून गेली की एक वेढा. ती रिंगच्या बाहेरून कशी फिरून आली, सैल आली की घट्ट, तिरकी आली की सरळ, याचा मोजणीशी संबंध नाही. सरळ तार नुसती भोकातून आरपार गेली, रिंगला कुठे टेकलीही नाही, तरी तो एक पूर्ण वेढा धरायचा. चुंबकीय रेषा रिंगच्या आत बंद वर्तुळात फिरते. एकतर तिच्या पोटातून तार गेलेली असते, नाहीतर नसते. पाव गेली असं होत नाही. म्हणून मोजायचं ते नेहमी आतल्या बाजूनं. नवीन माणसं रिंग हातात फिरवत बाहेरच्या कडेवरून मोजतात आणि एक वेढा कमी मोजतात, कारण पहिली तार नुसती भोकातून खाली उतरलेली असते आणि बाहेरून ती फेरा घातल्यासारखी दिसत नाही. मला शिकवणारे वेढे घालताना काही बोलत नसत, पण तारेचं टोक भोकातून पलीकडे निघालं की आकडा मोठ्यानं म्हणत. मध्येच कुणी हाक मारली तर हातातली तार तशीच धरून आधी तो आकडा पुन्हा एकदा म्हणायचे, मग ओ द्यायचे.

त्यांचा स्वतःचा ट्यूनर मात्र रिंगचा नव्हता. त्यात रोलर इंडक्टर होता: चिनी मातीच्या दंडगोलावर जाड, उघड्या तारेचे वेढे, आणि त्या तारेवरून घरंगळत जाणारं छोटं चाक. दांडा फिरवला की दंडगोल फिरे, चाक तारेवरून पुढे सरके आणि समोरच्या काउंटरवर आकडे बदलत. तिथे पाव वेढा होता, त्याचाही पाव होता, हवा तिथे थांबता यायचं. मोकळ्या हवेतल्या कॉइलमध्ये बंद वर्तुळ नसतं, तारेचा प्रत्येक सेंटीमीटर आपापला वाटा घालतो. दांडा फिरवताना येणारा बारीक खरखराट आणि मध्येच रिसीव्हरमधला आवाज एकदम भरून येणं, हे मला अजून स्पष्ट आठवतं. पण ती पेटी दोन्ही हातांनी उचलावी लागायची. हवेतल्या कॉइलचं क्षेत्र बाहेर पसरतं, पेटीची पत्र्याची भिंत जवळ आली की इंडक्टन्सही बदलतो आणि शक्तीही वाया जाते. म्हणून आजूबाजूला निदान कॉइलच्या व्यासाएवढी जागा मोकळी सोडायची. रिंगमध्ये क्षेत्र बहुतांशी आतच राहतं, ती तळहातावर मावते आणि छोट्या डब्यात पत्र्याजवळ बसते. जागेचा प्रश्न सुटला, आणि हवा तिथे थांबायची सोय गेली. दोन्ही गोष्टी एकाच कारणानं झाल्या, हे मला फार उशिरा ध्यानात आलं, आणि ध्यानात आल्यावर त्या जुन्या खरखराटाबद्दलची ओढ थोडी वाढलीच.

रिंगवर तार गुंडाळण्याचा विचार आला की फॅरेडे आठवतोच. 29 ऑगस्ट 1831 च्या त्याच्या नोंदीत मऊ लोखंडाची रिंग आहे, बाहेरून सहा इंचांची, सळई पाऊण इंचाहून थोडी जाड. एका अर्ध्या भागावर सुमारे 24 फुटांच्या तारेचे तीन तुकडे, हवे तर एकत्र जोडता येतील असे. दुसऱ्या अर्ध्या भागावर आणखी तार. इनॅमल चढवलेली तार तेव्हा कुठून असणार? वेढ्यावेढ्यांमध्ये त्यानं सुतळी घातली आणि थरांमध्ये कापड. बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसऱ्या बाजूची सुई हलली, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याआधीचे तास दिसतात. चोवीस फूट तार सहा इंची रिंगच्या भोकातून पुन्हा पुन्हा ओढायची, प्रत्येक वेळी सुतळी तिच्या शेजारी नीट बसवायची, तार पिळली गेली तर उलगडायची. आजही या कामाला दुसरी वाट नाही. सरळ दंडगोलावर तार घालायची तर एक टोक धरून दंडगोल फिरवता येतो. रिंगला सुरुवात-शेवटच नाही, त्यामुळे प्रत्येक वेढ्याला सगळी तार भोकातून ओढून घ्यावी लागते. कारखान्यात यासाठी यंत्रं आहेत, पण तीही आधी तार एका गोल चक्रावर भरून घेतात आणि ते चक्र भोकातूनच फिरवतात.

फॅरेडेची भरीव लोखंडाची रिंग मात्र आपल्या कामाला निरुपयोगी आहे. 7 मेगाहर्ट्झला भरीव लोखंडात भोवरी प्रवाह असे उसळतील की सगळी शक्ती उष्णतेत जाईल. म्हणून लोखंडाची पूड करायची, प्रत्येक कण शेजाऱ्यापासून विद्युतदृष्ट्या वेगळा ठेवायचा आणि मग ती पूड दाबून रिंग घडवायची. लाल मिश्रणातली पूड कार्बोनिल लोखंडाची असते: लोखंड आणि कार्बन मोनॉक्साइड यांचं एक संयुग, त्याची वाफ तापवली की लोखंडाचे अगदी गोल कण खाली पडतात, काही मायक्रॉनचे. 1920 च्या दशकात जर्मनीत हे तंत्र आलं. कणांच्या मधल्या फटींमुळे अशा रिंगची पर्मिअॅबिलिटी (चुंबकीय रेषा आपल्यात ओढून घेण्याची क्षमता) अवघी 10 राहते. भरीव मऊ लोखंडाची शेकड्यांत, हजारांत असते. इतकी घसरण वाचून नवख्याला वाटतं की ही रिंग कमकुवत. पण याच फटींमुळे ती स्थिर राहते, तापली तरी फारशी ढळत नाही, आणि ट्यून केलेल्या जागी तीच हवी असते. पुढे कळलं की त्या मुलाच्या पाव वेढ्याचं उत्तरही याच फटींमध्ये आहे.

फेराइटची, म्हणजे रिंगा करायच्या दुसऱ्या चुंबकीय पदार्थाची, गोष्ट वेगळी. ती राखाडी, भाजलेली, मातीच्या जातीची वस्तू. टेबलावर ठेवताना किणकिणते, फरशीवर पडली की तुकडे होतात. त्यातल्या 43 मिश्रणाची पर्मिअॅबिलिटी 800 च्या घरात आहे. त्याच्या एफटी-240-43 या रिंगवर एका वेढ्यालाच एक मायक्रोहेन्रीहून थोडं जास्त भरतं, दोन वेढ्यांना चौपट. आपल्याला हवेत 3.17, म्हणजे एक कमी पडतो आणि दोन जास्त होतात. तिथे पाव वेढ्याचा प्रश्नच वेगळा: आकडे इतके लहान की एकेक पूर्ण वेढा डोंगराएवढा. शेवटाकडून फीड केलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेला लोक या रिंगवर दोनास चौदा वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर घालतात; वेढ्यांचं प्रमाण सात, आणि ओहम बदलतात त्याच्या वर्गानं, 49 पटीनं. चौदाऐवजी चुकून पंधरा पडले तर 49 चे थेट 56 होतात. अशा रुंद पट्ट्याच्या, म्हणजे अनेक फ्रीक्वेन्सींवर चालायच्या कामाला, बालन-चोक अशा जोडणीच्या भागांना फेराइट उत्तम. पण ट्यूनरच्या कॉइलला 43 मिश्रण वापरू नये असं माझं ठाम मत आहे. 7 मेगाहर्ट्झला त्यात तोटा मोठा, एकेका रिंगमध्ये फरक वीस टक्क्यांचा किंवा त्याहून जास्त, आणि तापत तापत 130 अंशांच्या पुढे गेली की तिचं चुंबकत्व एकाएकी ओसरतं. बोलता बोलता एसडब्ल्यूआर, म्हणजे जुळणी किती बिघडली हे सांगणारा आकडा (1 म्हणजे चोख), चढायला लागतो आणि माणूस अँटेनात दोष शोधत बसतो.

राखाडी रिंगवर बहुतेकदा काहीच लिहिलेलं नसतं, रंगही नसतो. पेटीत वर्षानुवर्षं पडलेल्या अनोळखी रिंगला मी दहा वेढे घालून मोजतो. अर्ध्या इंचाच्या रिंगवर लाल मिश्रणाला दहा वेढ्यांत अर्धा मायक्रोहेन्री भरतो, 43 ला त्याच्या नव्वदपटीच्या आसपास. इतकं मोठं अंतर असल्यावर मोजमाप ढोबळ असलं तरी चालतं. रंगावरही डोळे मिटून विसंबू नये. रंग कुणीही लावू शकतं.

मुलाशी बोलणं झाल्यावर मी तीच कॉइल स्वतः घालायला बसलो. टी-200 ची रिंग बाहेरून 50.8 मिलिमीटर, आतून 31.8, उंची 14. एका वेढ्याला तार लागते पाच सेंटीमीटरांहून जराशी जास्त; सोळा वेढ्यांना ऐंशीच्या वर, दोन्हीकडची टोकं धरून एक मीटर. तार 1.2 मिलिमीटरची, इनॅमलची. आधी ती सरळ करायची. एक टोक व्हाइसमध्ये पकडून दुसरं पक्कडीनं हलकेच ओढलं की एका क्षणी तार हाताला किंचित लांबल्यासारखी लागते आणि सगळ्या वळ्या जातात. त्यानंतर ती ताठ होते, चकचकीत दिसते, टेबलावर ठेवली तर पूर्ण लांबीभर टेकते. इथेच थांबायचं. तांबं जितकं वाकवावं तितकं कडक होत जातं, म्हणून एकदा बसवलेला वेढा उकलून पुन्हा घातला की तो पहिल्यासारखा बसत नाही, कोपऱ्यावर फुगतो. रिंगवर मी आधी टेफ्लॉन टेपचा एक थर देतो, म्हणजे कडेवर इनॅमल खरचटत नाही. आणि सुरुवात तारेच्या मधोमध करतो: मध्य भोकात ठेवून आठ वेढे एका हाताकडे, आठ दुसऱ्या हाताकडे. त्यामुळे प्रत्येक वेढ्याला मीटरभर तार ओढावी लागत नाही, अर्धीच पुरते, आणि पीळही कमी पडतो. फक्त मोजताना भान ठेवायचं. मधला वेढा दोन्हीकडे धरला जाऊ शकतो.

वेढा बसताना अंगठ्याच्या पेरानं तार बाहेरच्या कडेवर दाबायची, मग आतल्या कडेवर तर्जनीनं. दाबलं की खालची टेप किंचित दबते आणि तार जागच्या जागी थांबते. नाही दाबलं तर कोपऱ्यावर केसाएवढी पोकळी राहते आणि पुढच्या सगळ्या वेढ्यांत ती वाढत जाते. सोळा वेढे रिंगभर पसरायचे, फक्त सुरुवात आणि शेवट यांच्यात तीसेक अंशांची फट सोडायची, कारण सगळ्यात जास्त व्होल्टेजचा फरक त्या दोन टोकांमध्ये असतो आणि ती जवळ आली की नको असलेली कपॅसिटन्स वाढते. आतल्या बाजूला दोन वेढ्यांत साडेपाच मिलिमीटर पडतात, बाहेरच्या बाजूला नऊच्या वर. तिथून पाहिलं की तारा मधल्या पोकळीकडे जमत जाताना दिसतात. दिव्याखाली तांबूस इनॅमल, मधूनमधून डोकावणारा लाल रंग. मला ही वस्तू सुंदर वाटते, आणि ती डब्यात बंद करताना दर वेळी थोडं वाईटही वाटतं. शेवटी टोकांवरचं इनॅमल ब्लेडनं खरवडायचं, चहूबाजूंनी, खालचं तांबं गुलाबी दिसेपर्यंत. 7 मेगाहर्ट्झचा प्रवाह तांब्यात वरच्या 25 मायक्रॉनांतच बहुतांशी वाहतो. ही 1.2 मिलिमीटरची तार आतून जवळजवळ रिकामीच राहते. आपल्या बोटांना जो पृष्ठभाग लागतो, काम तोच करतो.

मोजलं तर 3.07 च्या जवळ यायला हवं होतं, कारण सोळाचा वर्ग 256, गुणिले 12. पण मीटरवर त्याहून थोडं जास्त दिसलं. टोकं अजून कापली नव्हती. कापत गेलो तसा आकडा उतरत गेला, आणि तेव्हा मुलाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर समोर आलं. सरळ तारेलाही इंडक्टन्स असतो. या जाडीच्या, पाचेक सेंटीमीटर लांब तारेला सेंटीमीटरमागे ढोबळमानानं आठ-नऊ नॅनोहेन्री. पाच-पाच सेंटीमीटरांची दोन टोकं म्हणजे नव्वदच्या आसपास. आणि उरलेल्या पाव वेढ्याची किंमत किती? 3.17 वजा 3.07, शंभर नॅनोहेन्री. रिंगमध्ये जे मावत नव्हतं ते कपॅसिटरपर्यंत जाणाऱ्या तारेत आधीपासून होतं. भोकातून गेलेल्या तारेचा हिशेब पूर्णांकात, बाहेर राहिलेल्या तारेचा सेंटीमीटरमध्ये, आणि नेटवर्कला दोघांची बेरीज दिसते.

दुसरं उत्तर मी फोनवर दिलं होतं तेच, सरकवण्याचं. आता त्याचं कारणही जुळलं. रिंगची पर्मिअॅबिलिटी 10 असल्यामुळे सगळ्या चुंबकीय रेषा आत राहत नाहीत, काही वेढ्यांच्या मधून हवेत निसटतात. वेढे जवळ आणले की एका वेढ्याच्या निसटलेल्या रेषा शेजारच्याला गाठतात आणि इंडक्टन्स वाढतो. सोळा वेढे निम्म्या रिंगवर दाटले तर दहा टक्के सहज वाढतात. आपल्याला हवेत तीन. नॅनोव्हीएनए या मोजणीच्या छोट्या यंत्राच्या पडद्यावर आकडा पाहत नखानं दोन वेढे जरासे सरकवले की शेवटचा अंक हलतो. फेराइटवर हेच करून पाहा, जवळपास काहीच होत नाही, कारण तिथे रेषा निसटतच नाहीत. भोकातून तार गेली किंवा नाही गेली, हा नियम फेराइट कसोशीनं पाळतं. लोखंडाच्या पुडीत कणांमध्ये फटी आहेत, म्हणून तिथे नखाला वाव आहे. मला शिकवणारे गुरुजी लाल रिंगला "ऐकणारी" म्हणायचे. तेव्हा मला ते नुसतं मायेचं बोलणं वाटलं होतं.

तिसरं उत्तर मात्र मला थोडं अस्वस्थ करून गेलं. समजा टोकं आखूड कापली आणि काहीही सरकवलं नाही. 3.07 मायक्रोहेन्री, कॉइलचा रिॲक्टन्स 137 ओहम. कपॅसिटरचा नॉब फिरवून उरलेला रिॲक्टन्स घालवला तर रिगला 50 ऐवजी साडेशेहेचाळीस ओहम दिसतात. एसडब्ल्यूआर 1.07. परत येणारी शक्ती हजारात एक-दीड भाग. शंभर वॉट पाठवले तर एक सप्तमांश वॉटही परत येत नाही. समोरच्या स्टेशनला हे कधीच कळणार नाही, रिगलाही नाही. शिवाय या लोखंडी रिंगच्या 12 या आकड्यातच पाच टक्क्यांची सूट धरलेली असते; वेढ्यांच्या भाषेत ती भरते जवळजवळ अर्धा वेढा. म्हणजे ज्या पाव वेढ्यासाठी आम्ही दोघं अडलो होतो तो रिंगच्या स्वतःच्या अनिश्चिततेहून लहान होता. आणि ज्या 450 ओहमवरून गणित सुरू झालं ते तरी कुठे ठाम? फीडर भिजली की आकडा बदलतो, तार वाऱ्यानं झोका घेते तसा बदलतो, खालची जमीन वाळते तसाही बदलतो.

मग इतकं जपून का घालायचं, हा प्रश्न मला टाळायचा नाही. काळजी घ्यावी, पण ती मोजणीपेक्षा तोट्याची. शंभर वॉटला या कॉइलमधून 1.41 अँपिअर प्रवाह जातो आणि तिच्या दोन टोकांत 200 व्होल्ट पडतात. कॉइलचा क्यू, म्हणजे रिॲक्टन्स भागिले रोध, 200 असेल तर तिचा रोध 0.7 ओहम, आणि तोटा सुमारे 1.4 वॉट. क्यू 20 वर आला तर चौदा वॉट त्या रिंगमध्येच राहतात, आणि एसडब्ल्यूआर तेव्हाही देखणा दिसू शकतो. मीटर परत आलेली शक्ती दाखवतो. वाटेत जिरलेली दाखवत नाही. म्हणून बोलणं संपलं, ट्रान्समीटर बंद केला, की मी रिंगला बोट लावून पाहतो. बंद केल्यावरच, चालू असताना ते 200 व्होल्ट त्वचा जाळतात आणि ती जखम खोल असते. जेमतेम कोमट लागली तर ठीक. बोट टिकत नसेल तर मिश्रण चुकीचं आहे, रिंग लहान आहे किंवा तार बारीक आहे, आणि यातलं काहीही वेढे सरकवून बरं होत नाही. नव्या मुलांनी एसडब्ल्यूआरच्या शेवटच्या दशांशामागे जितका वेळ घालवावा त्याच्या कितीतरी पट वेळ या बोटामागे घालवावा असं मला मनापासून वाटतं. तरीही वेढे मी सरकवतोच. 1.07 पुरेसा आहे हे कागदावर सिद्ध केल्यानंतरही नख आपसूक तिकडे जातं आणि आकडा 3.17 वर आला की बरं वाटतं. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही, आणि घालायची घाईही नाही.

आतापर्यंतचं सगळं चाळीस मीटरच्या, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचं होतं. आता ऐंशी मीटरचा विचार चाललाय. भार पुन्हा 450 धरला तर निम्म्या फ्रीक्वेन्सीला इंडक्टन्स दुप्पट लागतो, 6.34 मायक्रोहेन्री. वेढे दुप्पट होत नाहीत, दोनाच्या वर्गमूळापटीनं वाढतात: 22.98. तेवीस घातले की काम झालं, पाव-अर्ध्याची भानगडच नाही. मग तेवीस घालून सोळाव्यावर टॅप, म्हणजे मधूनच एक जोड, काढावा, चाळीसला सोळा आणि ऐंशीला तेवीस, असा मोह होतो. तो आवरावा. एकाच रिंगवरचे उरलेले सात वेढे शॉर्ट केले तर ते सोळांशी जोडलेलेच राहतात आणि त्यांचा इंडक्टन्स खाली ओढतात. मोकळे सोडले तर त्यांच्या टोकावर व्होल्टेज चढतं. म्हणून दोन रिंगा, प्रत्येकीवर सोळा, एकीच्या पुढे एक, आणि दुसरीच्या दोन टोकांत रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच. चाळीसला रिलेनं दुसरी पूर्ण शॉर्ट करायची, ऐंशीला मोकळी करायची. दोन्हींचे 3.07, वर टोकांचे नव्वद-नव्वद नॅनोहेन्री, बेरीज 6.32. हवे होते 6.34.

हे आखताना एक गोष्ट ध्यानात आली जी इतकी वर्षं हातांना ठाऊक होती पण मनानं कधी मोजली नव्हती. वेढे घालत घालत आपण रिंगभर पुढे सरकतो. वरून पाहिलं तर प्रवाह एका टोकाकडून निघून रिंगला वळसा घालत जवळजवळ सुरुवातीपाशी परत येतो. म्हणजे सोळा वेढ्यांखेरीज आणखी एक वेढा पडलेला असतो, रिंगच्या आडव्या पातळीत, आणि त्याचं क्षेत्र भोकाच्या अक्षावरून सरळ बाहेर जातं. टोरॉइडचं क्षेत्र सगळं आत राहतं असं आपण सहज म्हणतो. या एका वेढ्याचं राहत नाही. पाव वेढा शोधताना हा अख्खा सापडला. दोन रिंगा एकीवर एक रचल्या तर हे दोन वेढे समोरासमोर येतील, आणि शॉर्ट केलेली दुसरी पहिलीला थोडी का होईना ओढेल. म्हणून डब्यात पहिली आडवी ठेवणार आहे, आणि दुसरी तिच्यापासून दोन बोटं सोडून, काटकोनात उभी.